ट्रक निघायच्या आधी

गेल्या आठवड्यात एसटीत शेजारी बसलेले एक गृहस्थ म्हणाले, "तुमच्या बीडकडच्या झेडपीच्या शाळा बंद करून टाकायला पाहिजेत. डिसेंबरात गेलो होतो, वर्गात सहा पोरं!" या सदरात मी वर्षातून चार वेळा तरी शाळेवर लिहितो, हे त्यांना ठाऊक नसणार. तेवढ्यात माझा थांबा आला आणि बोलायचं राहून गेलं. आठवडाभर ते सलतंय.

दिवाळीच्या आगेमागे आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणीकडची माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात, ती मार्च-एप्रिलात परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल कधीच दवाखान्यात, लग्नात नाहीतर बियाण्यात गेलेली असते; ती फेडायला जावंच लागतं. शाळेचा पट मोजतात 30 सप्टेंबरचा आणि ट्रक निघतात त्यानंतर. वर्ग ओस पडतो तो या उचलीपायी.

आमच्या आठवडी बाजारात हे डोळ्यांना दिसतं. जूनमध्ये जिथे वह्या-दप्तरं मांडलेली असतात, तिथेच दसऱ्यानंतर ताडपत्री, दोर आणि कोयते येतात. गिऱ्हाईक तेच. जूनमध्ये पोरीसाठी दप्तर घेणारी आई ऑक्टोबरात खोपीसाठी ताडपत्री घेते.

गेल्या हंगामात असाच बाजारातून परतताना आमच्या वस्तीवरच्या एका आजीकडे टेकलो. तिची नात पाचवीत, वाचायला धीट. ती दिसेना.

"आजी, पोरगी कुठंय?"

"गेली बाबा तोडीला. धाकटं रांगतंय, त्याला फडात कोण बघणार?"

"पण यंदा शाळेत हंगामी वसतिगृह होतं ना?"

"झालं की. पण गाडी गेल्यावर आठ दिसांनी."

या आठ दिवसांवर मला बोलायचंय. हंगामी वसतिगृहाची कल्पना फार चांगली आहे. मूल गावातच आजी-आजोबांपाशी राहतं, त्याच्या जेवणाची सोय होते आणि शाळा सुटत नाही. पण आईबाप निर्णय घेतात तो ट्रकमध्ये बोचकी चढवायच्या आधी. मंजुरीचा कागद त्यानंतर आला, तर तोवर पोरगी फडाच्या बांधावर भावाला कडेवर घेऊन उभी असते. ज्या महिन्यात मुकादम उचल वाटतो, त्याच महिन्यात वसतिगृहाचा निर्णय गावात पोचला पाहिजे. मुकादमाची वेळ कधी चुकत नाही. आपलीही चुकता कामा नये.

आणि मोजक्या पोरांसाठी शाळा का ठेवायची? गेलेली पोरं चैत्रात परत येतात म्हणून. तेव्हा दाराला कुलूप दिसलं, तर पुढच्या दिवाळीत त्यांना मागे ठेवायला आईबापांपाशी कारणच उरणार नाही.

निघताना आजीनं देव्हाऱ्यातल्या तसबिरीमागून एक कागद काढला. नातीचं शिक्षण हमी कार्ड. कारखान्याजवळच्या शाळेत दाखवलं की वर्गात बसवून घेतात, ते. घाईत ते घरीच राहिलं होतं. हळदीकुंकवाचं बोट लागलेलं ते कार्ड माझ्या हातात देत आजी म्हणाली, "हे तिला पोचतं कर बाबा. शाळेचं हाय."