सणांच्या मधले दिवस

माझ्या लहानपणी डिसेंबर लागला की शाहूपुरीत दोन गोष्टी एकदम सुरू होत. अडत दुकानांपुढे नव्या गुळाच्या ढेपा उतरू लागत आणि काही घरांवर दिवाळीच्या आकाशकंदिलाच्या जागी कागदी चांदणी चढे. त्या घरांतली मुले आमच्याच वर्गात होती. चांदणी कशासाठी, असे विचारले तर ती सांगत, ‘येशू जन्मायचाय, त्याची वाट बघतोय.’ वाट बघण्याचाही सण असतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळले. आमच्याकडे सण आला की साजरा करायचा, एवढेच ठाऊक होते.

मी ख्रिस्ती नाही. घरी अंबाबाईची आरती आणि जोतिबाचा गुलाल. पण न्यू शाहूपुरीतल्या वायल्डर मेमोरियल चर्चचा शेजार जन्माचा. ज्यांचे नाव या चर्चला आहे ते रॉयल गोल्ड वायल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ मध्ये कोल्हापुरात आले. शाहूपुरी तेव्हा नव्हतीच. ती शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसवली. म्हणजे आमच्या पेठेपेक्षा कोल्हापुरातला ख्रिस्ती समाज वयाने मोठा आहे. तरीही ‘तुम्ही मूळचे कुठले?’ हा प्रश्न आपण त्यांनाच जास्त वेळा विचारतो.

ख्रिस्ती मंडळींचे धार्मिक वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. नाताळच्या आधीच्या चौथ्या रविवारी आगमनकाळ लागतो आणि वर्ष उघडते. ज्या मंडळ्या ही परंपरा पाळतात त्यांच्याकडे वेदीवरचे वस्त्रही काळाप्रमाणे बदलते. आगमनकाळात आणि उपवासकाळात जांभळे, नाताळ आणि पुनरुत्थानाला पांढरे, पेन्टेकॉस्टला तांबडे आणि उरलेल्या दिवसांत हिरवे. बँकेत उभी हयात काढलेल्या माणसाला ही शिस्त आवडते. पण या शिस्तीच्या पोटात एक अवघड हिशेब आहे, तो मला फार उशिरा कळला.

आगमनकाळात मरियेचे स्तोत्र म्हटले जाते. लूकच्या शुभवर्तमानातले हे स्तोत्र गोड अंगाईगीत असेल अशी माझी समजूत होती. वाचले तेव्हा दचकलो. लग्नाआधीच गरोदर राहिलेली एक गरीब खेड्यातली मुलगी त्यात सांगते की देव सत्तेवरच्यांना खाली ओढतो, तळातल्यांना वर घेतो आणि भुकेल्यांचे पोट भरतो. जन्मही कुठे, तर गोठ्यात. आणि बातमी पहिल्यांदा कुणाला, तर रात्री मेंढरे राखणाऱ्या धनगरांना. आपल्याकडच्या कुठल्याही गावात ही गोष्ट घडली असती, तर गावच्या पाटलाला ती सकाळी उठल्यावरच कळली असती.

आता माझ्या खतावणीतली एक नोंद सांगतो.

१९९३ साल. पंचगंगेपलीकडच्या एका गावात मी शाखाधिकारी होतो. एकात्मिक ग्रामीण विकास योजनेची कर्जप्रकरणे मार्चच्या आत संपवायची घाई होती. एके दिवशी पंचविशीतले दोघे तरुण एकाच बाकावर येऊन बसले. सख्खे चुलतभाऊ. एकाच गल्लीत घरे, एकच धंदा, दोर वळण्याचा. दोघांनाही दोराच्या यंत्रासाठी नऊ-नऊ हजारांचे प्रकरण करायचे होते. एकाच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘हिंदू-मांग’, तर दुसऱ्याच्या दाखल्यावर ‘ख्रिश्चन’. आजोबांच्या वेळी घराच्या एका फांदीने बाप्तिस्मा घेतला होता, एवढाच काय तो फरक.

योजनेचा नियम स्पष्ट होता. अनुसूचित जातीच्या लाभार्थ्याला निम्मे अनुदान, इतर कारागिरांना एक तृतीयांश. पहिल्याला साडेचार हजार बसले, दुसऱ्याला तीन हजार. दुसऱ्याच्या अर्जावर ‘अनुसूचित जातीच्या सवलतीस अपात्र’ असा शेरा मी माझ्या हाताने लिहिला. पोरगा वाद घालणारा नव्हता. एवढेच म्हणाला, ‘साहेब, आमचा आजा आणि ह्याचा आजा एकच हाय.’ मी म्हणालो, ‘नियम माझा नाही.’ ते खरेच होते. पण त्या वाक्याआड किती जणांनी आयुष्य काढले असेल, हे आता आठवले की बरे वाटत नाही.

त्याच वर्षी डिसेंबरात तो मला नाताळच्या फराळाला बोलवायला आला. गेलो. त्याच्या आईने करंज्या आणि चकल्या पुढे ठेवल्या. बोलता बोलता ती सहज म्हणाली, ‘साहेब, नळाला पानी भराय गेलं तर आमास्नी कुनी देव इचारत न्हाई, जातच इचारत्यात. मग सरकारच तेवढं देव कसं इचारतंय?’

मी करंजी खात राहिलो. उत्तर नव्हते.

उत्तर शोधायला लागलो तेव्हा कळले की हा प्रश्न तिच्याही आधी देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आला होता. मद्रासमध्ये रस्त्याकडेला चपला शिवणारे सूसाई नावाचे गृहस्थ होते. सरकारने अनुसूचित जातीच्या चर्मकारांना टपऱ्या मोफत दिल्या, यांना दिली नाही. कारण ते ख्रिस्ती. १९८५ मध्ये न्यायालयाने त्यांची याचिका फेटाळली. धर्मांतरानंतरही जातीचे तेच अपंगत्व तितक्याच तीव्रतेने टिकून आहे, असे दाखवणारा पुरावा पुढे आलेला नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते. मूळ आहे १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात. अनुसूचित जातीचा माणूस हिंदूच असला पाहिजे, अशी अट त्यात होती. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्या अटीतून वाट मिळाली. ख्रिस्ती आणि मुस्लिम बाहेर राहिले. न्यायमूर्ती रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ मध्ये ही धर्माची अट काढून टाकण्याची शिफारस केली. २०२२ मध्ये न्यायमूर्ती के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आणखी एक आयोग नेमला गेला. आगमनकाळ चार आठवड्यांत संपतो. यांचा पाऊणशे वर्षे चालू आहे.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. ख्रिस्ती धर्मात जात नाही असे सांगूनच धर्मांतर झाले ना, मग आता जातीची सवलत कशी मागता? आक्षेप बिनतोड वाटतो. पण बौद्ध धर्मातही जात नाही, आणि तरी बौद्ध बांधवांना १९९० मध्ये सवलत मिळाली. ते योग्यच झाले. सवलत धर्माच्या शिकवणुकीला नसते, माणसाच्या वाट्याला आलेल्या वागणुकीला असते. दुसरी भीती अधिक खरी आहे. यादी वाढली आणि वाटा तेवढाच राहिला तर आज यादीत असलेल्या गरिबाच्या ताटातला घास कमी होईल. ती भीती झटकून टाकण्यासारखी नाही. म्हणूनच आधी नीट सामाजिक पाहणी व्हावी आणि नवा वाटा कुणाच्या ताटातून न काढता द्यावा, असे मला वाटते. पण पाहणीच्या आधी दार बंद ठेवणे हा न्याय नव्हे.

नाताळनंतर दोन-अडीच महिन्यांत उपवासकाळ येतो, चाळीस दिवसांचा. भस्म बुधवारी सुरू होतो आणि बहुधा मार्चअखेरीला गाठतो. आम्ही बँकवाले त्या दिवसांत ताळेबंद जुळवत असतो आणि चर्चमधली माणसेही तेच करत असतात, फक्त खाते वेगळे. हा काळ दुसऱ्याकडे बोट दाखवण्याचा नाही. स्वतःकडे दाखवण्याचा आहे. म्हणून चर्चचा हिशेबही मांडला पाहिजे. जात सोडून आलेल्यांना चर्चमध्येही जात भेटली. दक्षिणेत तर काही ठिकाणी दफनभूमीतही भिंती उभ्या राहिल्या. भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ मध्ये दलितांविषयीचे धोरण जाहीर करताना चर्चमध्ये अस्पृश्यता असल्याची कबुली दिली. कबुलीला धैर्य लागते. पण कबुलीने भिंत पडत नाही, ती हातांनी पाडावी लागते.

जमेच्या बाजूलाही नोंदी आहेत, आणि मराठी माणसाने त्या विसरू नयेत. महात्मा फुले स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. अहमदनगरला सिंथिया फरार यांची मुलींची शाळा पाहून ते प्रभावित झाले आणि १८४८ मध्ये पुण्यात त्यांनी मुलींची शाळा काढली. मी कादंबऱ्या लिहितो. मराठीतली पहिली मानली जाणारी कादंबरी ‘यमुनापर्यटन’ १८५७ मध्ये आली, ती बाबा पदमनजी यांची, आणि तिचा विषय विधवांचे हाल. आमच्या घराण्याचा मूळपुरुष असा न्यायाच्या चौकशीला निघालेला ख्रिस्ती माणूस आहे. पंडिता रमाबाईंच्या शारदासदनावर धर्मांतराच्या प्रश्नावरून केवढे वादळ उठले! तो वाद व्हायलाच हवा होता. पण १८९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुलींना केडगावला कोण घेऊन आले, याचेही उत्तर त्याच वेळी द्यायला हवे. मिरजेला डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय उघडले. आमच्या भागातल्या कितीतरी घरांत ‘मिरजेला नेला म्हणून वाचला’ हे वाक्य अजून सांगतात.

उत्तम शुक्रवारी दुपारी बारा ते तीन चर्चमध्ये क्रुसावरच्या सात उद्गारांवर प्रवचने होतात. मित्राबरोबर एकदा बसलो होतो. बाहेर ऊन रणरणत होते. आत पांढऱ्या साड्यांतल्या बायका पाणीही न पिता बसल्या होत्या. एका निरपराध माणसाला कायद्याने, रीतसर, सही-शिक्क्यानिशी मारल्याची ती गोष्ट. पिलाताने हात धुतले, तिथे मला माझा शेरा आठवला. नियम त्याचाही नव्हता.

मग पुनरुत्थानाची पहाट. अंधार असतानाच माणसे मेणबत्त्या आणि फुले घेऊन दफनभूमीत जातात. मरणाच्या जागी जाऊन सण करायचा, यात मोठी हिंमत आहे. आणि पन्नासाव्या दिवशी, मृगाच्या आसपास, पेन्टेकॉस्ट. त्या दिवशी जमलेल्या प्रत्येकाला आपापल्या भाषेत बोध ऐकू आला, अशी कथा आहे. मराठीत तो ऐकवला रेव्हरंड ना. वा. टिळकांनी. शाहूपुरी वसली त्याच १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण तुकोबांना सोडले नाही. अभंग, ओवी, कीर्तन सारे चर्चमध्ये नेले.

त्यानंतर जो काळ लागतो त्यात मोठा सण नाही. वस्त्र हिरवे, जवळजवळ सहा महिने. त्याला साधा काळ म्हणतात. पेरणी, भांगलण, कापणी याच काळातली. आणि योगायोग पाहा, २६ जुलै याच काळात येते. १९०२ मध्ये त्या दिवशी शाहू महाराजांनी पन्नास टक्के जागा मागासवर्गासाठी राखण्याचा हुकूम काढला. मागास कोण, हे ठरवताना त्यांनी पुढारलेले वर्ग वगळले आणि बाकी सारे आत घेतले. तुझा देव कोणता, हा प्रश्न त्यात नव्हता. त्या दोरवाल्याच्या आईच्या प्रश्नाचे उत्तर माझ्याच पेठेच्या संस्थापकाने तिच्या जन्माआधी देऊन ठेवले होते. मी ते वाचले निवृत्तीनंतर.

त्या पोराने कर्ज पूर्ण फेडले, जादाच्या पंधराशे रुपयांसकट. शेवटचा हप्ता भरायला आला तेव्हा दोराची एक गुंडी माझ्या टेबलावर ठेवून गेला. ती अजून घरी आहे. यंदाही नाताळात चांदण्या लागतील, आपण मोबाइलवर शुभेच्छा पाठवू, केक खाऊ. जरूर खावा. पण सण एका दिवसाचा असतो आणि नळावर पाणी भरायला रोज जावे लागते. शेजाऱ्याला शुभेच्छा देऊन झाल्यावर त्याचा अर्ज कुठे अडलाय, एवढे साध्या काळातल्या एखाद्या मंगळवारी विचारले, तरी पुष्कळ झाले.