पिशवी काढणे हा उपाय नव्हे

फेब्रुवारी १९९४ मध्ये शिरूर (जि. पुणे) येथील मतिमंद मुलींच्या शासकीय संस्थेतील दहाहून अधिक मुलींची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली. कारण काय, तर म्हणे त्यांना पाळीची स्वच्छता राखता येत नाही! स्त्री संघटना रस्त्यावर उतरल्या, तेव्हा पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. देह मुलींचा, निर्णय मात्र इतरांचा.

ऑटिझम असलेली मुलगी वयात येऊ लागली की जळगाव-धुळ्यातल्या आईबापांनाही 'पिशवीच काढून टाकावी का?' असे वाटू शकते. ही काळजी खरी आहे, तिची टिंगल नको. पण गर्भाशय काढल्याने ऑटिझम जात नाही की अत्याचार टळत नाही. फक्त गर्भधारणेने उघडकीस येणारा गुन्हा झाकला जातो.

अशा काही मुलींना पॅडचा स्पर्श, रक्ताचा वास सोसवत नाही. पोट दुखते ते शब्दांत सांगता येत नाही. मग ती ओरडते, पॅड फेकते. हा हट्ट नव्हे. पाळी येण्याआधीच पॅड लावण्याची सवय, चित्रांतून समजावणे, कॅलेंडरवर खूण, तिला सोसेल असे मऊ सुती कापड, बदलण्याची ठरलेली वेळ आणि जागा, एवढ्याने पुष्कळ साधते. दुखणे फार असेल तर डॉक्टरकडे न्यावे.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे. त्याच कायद्याचे कलम १० सांगते की, वंध्यत्व आणणारी कोणतीही वैद्यकीय प्रक्रिया दिव्यांग व्यक्तीवर तिच्या मुक्त व माहितीपूर्ण संमतीशिवाय करता येणार नाही. हा कायदा किती घरांपर्यंत पोहोचला?

आपल्या समाजाला हे वेगळे सांगायला नको. ज्या 'विटाळ' शब्दाने आपल्याला पाणवठ्यावरून हाकलले, तोच शब्द बाईच्या रक्तालाही चिकटवला गेला. १९३७ साली वकील म्हणून धुळ्याला आलेले बाबासाहेब लळिंगच्या लांडोर बंगल्यात राहिले. त्या स्मृतीला वंदन करायला आपण ३१ जुलैला गर्दी करतो आणि घरात मात्र पाळी आलेल्या मुलीला कोपऱ्यात बसवतो, हे कसे चालेल?

जिल्हा रुग्णालयांनी दिव्यांग प्रमाणपत्राबरोबरच पालकांना पाळीविषयी मार्गदर्शन द्यावे. विशेष शाळांत पाणी, आडोसा आणि मदतीला बाई असलीच पाहिजे. आणि विहारातल्या महिला मंडळांनी हा विषय उघडपणे बोलावा. मुलगी बोलत नसेल, पण तिचा देह तिचाच आहे.