जाणीव गेली, वेदना राहिली

मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसाला आपण दोनच प्रश्न विचारतो. पाय हलतात का? चालता कधी येईल? दुखतं का, हे सहसा कुणी विचारत नाही. पाय बधिर आहेत, मग दुखणार काय, असा आपला समज असतो.

प्रत्यक्षात अशा निम्म्याहून अधिक रुग्णांना कायमची वेदना सोसावी लागते. पुष्कळदा ती स्पर्शही न कळणाऱ्या भागात असते. आग होते, विजेचा झटका बसल्यासारखं होतं. इजा झालेल्या मज्जासंस्थेतून मेंदूला चुकीचे संदेश जातात, म्हणून हे घडतं. ते मनाचे खेळ नव्हेत.

अनेकांची ही वेदना घरी परतल्यावर, काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी सुरू होते. तोवर डॉक्टर दूर गेलेले असतात. मग माणूस विचारतो कुणाला? आधी औषधाच्या दुकानात. तिथे डायक्लोफिनॅक मिळतं. अशा वेदनेवर त्याचा फारसा उपयोग नसतो, उलट रोज घेतलं तर मूत्रपिंडाला धोका. या रुग्णांची मूत्रपिंडं लघवीच्या तक्रारींमुळे आधीच जोखमीत असतात. मज्जातंतूंच्या वेदनेसाठी गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन अशी वेगळी औषधं आहेत. ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायची आणि एकदम थांबवायची नसतात, हे त्याला कोण सांगणार?

नंतर तो मोबाईलकडे वळतो. नेमकी माहिती बहुतांश इंग्रजीत, आणि त्याच्या भाषेत तेलं, ताईत, स्टेम सेलच्या जाहिराती. मज्जारज्जूच्या इजेवर स्टेम सेलचा वापर मान्यताप्राप्त संशोधनाबाहेर करू नये, असं आयसीएमआरची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. तरीही लोक जमीन विकून तिकडे जातात. त्यांना अडाणी म्हणणं सोपं आहे. पण आपण त्यांना दुसरं काय दिलं?

उरतात ते त्याच दुखण्यातून गेलेले सोबती. थंडीत वेदना का वाढते, कुशी किती वेळाने बदलायची, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. मात्र गोळीचा डोस सोबत्याने ठरवायचा नसतो. म्हणून डॉक्टर आणि सोबती, दोघंही हवेत.

माझी मागणी छोटी आहे. डिस्चार्ज देताना साध्या मराठीत एक पान द्या. त्यावर लिहा : अशी वेदना येऊ शकते, ती खरी असते. ती अचानक वाढली तर लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता किंवा शय्याव्रण तपासा. इजा छातीच्या सहाव्या मणक्यापाशी किंवा त्याहून वर असेल आणि डोकं ठणकून घाम फुटला, तर रुग्णाला बसतं करा, लघवीची नळी अडकली आहे का पाहा, लगेच दवाखाना गाठा. खाली कुणाला विचारायचं, तो फोन नंबर.

या पानाला ना यंत्र लागतं, ना मोठा निधी. सहन करा, असा उपदेश देण्याआधी निदान काय सहन करायचं आहे, एवढं तरी त्या माणसाला सांगायला हवं.