मेहुण्याची बॅग

विक्री या प्रकाराशी माझे कधीच जमले नाही. शाळेत असताना मदतनिधीची तिकिटे खपवायला दिली, की मी ती निमूटपणे वडिलांच्या गळ्यात मारत असे. पुढे एम. ए. झालो, मराठीचा प्राध्यापक झालो आणि या जाचातून सुटलो असे वाटले. आमच्या धंद्यात गिऱ्हाईक आपण होऊन वर्गात येते, आणि घंटा होईपर्यंत त्याला उठून जाता येत नाही!

पण दैव कोणाला सोडते? ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा आमच्या विभागाने पेढे वाटले होते. त्यांतले बरेच उरले. कारण बी. ए.च्या पहिल्या वर्षाला मराठी हा मुख्य विषय घेतलेली मुले होती अवघी नऊ. पुढच्या उन्हाळ्यात प्राचार्यांनी मला बोलावून घेतले.

“सर, यंदा वीस मुलं झाली नाहीत, तर वर्ग चालवणं अवघड आहे. बघा काय करता येतं ते.”

माझी नोकरी पक्की. माझे काही बिघडणार नव्हते. पण विभागात तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या एक बाई आहेत. माझ्याच विद्यार्थिनी. वर्ग गेला की त्यांचे तास गेले, आणि तास गेले की घरखर्चातला त्यांचा वाटा गेला. घरी येऊन जेवायला बसलो, पण घास उतरेना.

रविवारी आमचा मेहुणा आला. औषध कंपनीचा प्रतिनिधी आहे. सांगली, मिरज, विटा, जत हा त्याचा मुलूख, आणि काळी बॅग ही त्याची जन्मसखी. सौ.ने त्याच्यापुढे पोहे ठेवता ठेवता माझे सगळे गाऱ्हाणे सांगून टाकले.

“दाजी, मग जा की विकायला!” तो म्हणाला.

“अरे, भाषा काय विकायची वस्तू आहे?”

“आम्हालाही असंच वाटायचं. पहिले तीन आठवडे कंपनीनं वर्गात बसवलं. शरीरशास्त्र, औषधं, सगळं घोकून घेतलं. एकानं डॉक्टर व्हायचं, दुसऱ्यानं गोळीची माहिती सांगायची. मी वर्गात पहिला. आणि खऱ्या डॉक्टरांसमोर गेलो तो पार बोबडी वळली! साहेब सोबत होते. तिथं ते एक शब्द बोलले नाहीत. बाहेर आल्यावर मोटारसायकलजवळ उभं करून विचारलं, ‘सांग, तुझं काय चुकलं?’ दाजी, आमची खरी शाळा ती. फूटपाथवरची.”

मग त्याने बॅग उघडली. मला वाटले, आता काहीतरी अद्भुत यंत्र निघणार. निघाली एक लांबट डायरी. कंपनीला रोजचा अहवाल तो मोबाईलवरून धाडतो. पण ही डायरी त्याची स्वतःची. कोणाला भेटलो, मी काय बोललो, समोरचा काय म्हणाला. समोरच्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत लिहायचे, स्वतःची साखर घालायची नाही, हा त्याचा नियम.

“आणि दुसरं हत्यार म्हणजे केमिस्ट. डॉक्टर तोंडावर ‘लिहितो हं’ म्हणतात. खरंच लिहितात का, ते औषधाच्या दुकानात कळतं. तुमचा केमिस्ट कोण?”

मी रात्रभर विचार केला. आमचा केमिस्ट म्हणजे प्रवेशाच्या खिडकीवर बसणारे कारकून! दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे गेलो. इतक्या वर्षांत मी त्यांना अभ्यासक्रमाविषयी एक प्रश्न विचारला नव्हता. ते हसून म्हणाले, “सर, पालक तीनच गोष्टी विचारतात. हे शिकून पुढं काय? पाहुण्यांना काय सांगायचं? आणि वर्गात नक्की शिकवतात काय? तिसऱ्याचं उत्तर मलाही माहीत नाही.”

अनुवाद, संपादन, प्रसारमाध्यमांसाठी लेखन हे सारे आमच्या अभ्यासक्रमात आहे. पण आम्ही ते कोणाला सांगितलेच नव्हते!

तरीही माझी भीड चेपत नव्हती. तेवढ्यात नियतकालिकांवरची माझी जुनी टिपणे हाती आली. किर्लोस्करांचा लोखंडी नांगर शेतकरी घेईनात. लोखंडाने जमीन नासते, अशी त्यांची समजूत. पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली, असे सांगतात. पुढे १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढले, ते कारखान्याची आणि त्याच्या मालाची खबर लोकांना देण्यासाठी. त्याचेच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ त्याच घरातून निघाली. मध्यमवर्गीय मराठी घरांना ज्यांनी वाचायला लावले, त्या मासिकांचे मूळ एका कारखान्याच्या जाहिरातीत होते! हे मी पंधरा वर्षे शिकवत आलो. शिकलो मात्र नव्हतो.

निघालो. बाई बरोबर होत्या. पहिल्या कनिष्ठ महाविद्यालयात मी महानुभावांपासून सुरुवात केली आणि चाळीस मिनिटे बोललो. मुले घड्याळाकडे पाहत होती. बाहेर आल्यावर फूटपाथवर मी विचारले, “बोला, माझं काय चुकलं?”

बाई गांगरल्या. आपल्याच सरांची चूक सांगायची! शेवटी म्हणाल्या, “सर, तुम्ही त्यांना एकदाही काही विचारलं नाहीत.”

मी ते वाक्य जसेच्या तसे डायरीत लिहिले.

पुढच्या ठिकाणी मेहुण्याच्या बॅगेतले एक माहितीपत्रक नेले. कोणा कंपनीच्या औषधाचे मराठी भाषांतर. त्यात छापले होते : ‘मुलांपासून दूर अंधारात घ्यावे.’ बाईंनी ते मोठ्याने वाचले आणि वर्गात हशा उसळला. ठेवायची गोळी घ्यायची झाली होती! “हे नीट लिहून द्या,” बाई म्हणाल्या. मुलांनी अकरा तऱ्हांनी लिहिले. एका शब्दाने रोग्याचा जीव धोक्यात येऊ शकतो, हे त्यांना कोणी सांगावे लागले नाही.

एका मुलीच्या आईने मात्र थेट विचारले, “सर, नोकरी लागेल ना?”

‘हो’ म्हणणे सोपे होते. पण मेहुण्याने बजावले होते, “औषधाचे दुष्परिणाम लपवलेत तर डॉक्टर पुन्हा दारात उभं करत नाहीत.” मी म्हणालो, “नुसत्या पदवीवर लागेल अशी खात्री मी देत नाही. संगणकावर मराठी लिहिता आलं पाहिजे, दुसरी एक भाषा चांगली आली पाहिजे. मग अनुवाद, संपादन, स्पर्धा परीक्षा अशा वाटा आहेत. लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला मराठी साहित्य हा वैकल्पिक विषय घेता येतो.” बाईंनी माझ्याकडे पाहिले. एक गिऱ्हाईक गेले, असेच त्यांना वाटले असावे. चार दिवसांनी त्या आईने मुलीचा अर्ज भरला.

शेवटचा आकडा झाला अठरा. प्राचार्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “दोन कमी आहेत. पण एक वर्ष देतो.”

बाईंचे तास वाचले. तूर्त एका वर्षापुरते. त्यांनी आनंदाने पेढे आणले. या वेळी एकही उरला नाही.

भाऊबिजेला मेहुणा येईल आणि पुढच्या वर्षाचे लक्ष्य विचारील. उत्तर मी लिहून ठेवले आहे. ही अठरा मुले दुसऱ्या वर्षालाही वर्गात दिसली पाहिजेत. घंटेच्या भरवशावर गिऱ्हाईक बसवून ठेवण्याचे दिवस संपले. आता रोज तास संपला, की मी जिन्यात क्षणभर थांबतो आणि स्वतःला विचारतो, “सांग, तुझं काय चुकलं?” डायरीचे पान रिकामे राहिले, असा दिवस अजून उजाडलेला नाही.