तास मोजणाऱ्या मैत्रिणी

नवऱ्याच्या नोकरीपायी परदेशी गेलेल्या बायकांबद्दल आपल्या चळवळीत फारसं बोललं जात नाही. ‘त्यांचं काय, बरं चाललंय’ अशी एकूण भावना. हुंडा, दारू, पाणी, रेशन यांच्याशी झगडणाऱ्या बाईपुढे तोक्योतल्या फ्लॅटमधल्या बाईचं गाऱ्हाणं काय मांडायचं, हा संकोच तिथल्या बायकांनाही असतो. पण कायद्याने बाईला नवऱ्याच्या कागदाला टाचून ठेवलं की तिचं काय होतं, आणि अशा वेळी बायकांची आपसातली मैत्री किती पुरते, कुठे कमी पडते, हे तिथे फार स्वच्छ दिसतं. म्हणून हा प्रपंच.

तोक्योच्या पूर्व टोकाला, अराकावा नदी ओलांडली की एदोगावा वॉर्डात निशीकासाई लागतं. 1990 च्या दशकाच्या अखेरीस वाय-टू-केच्या कामासाठी आपल्याकडचे संगणक अभियंते जपानात जाऊ लागले. बँकांची मोठी कार्यालयं ओतेमाचीच्या बाजूला, तिथून तोझाई लाईनने निशीकासाई सोयीचं. शिवाय यूआर या निमसरकारी गृहनिर्माण संस्थेच्या इमारतींत जामीनदार लागत नाही, आणि घरमालकाला ‘आभाराचे पैसे’ म्हणून जी रक्कम एरवी द्यावी लागते तीही नाही. म्हणून वस्ती वाढली. पाठोपाठ डाळी-मसाल्यांची दुकानं आली, भारतीय शाळा आल्या, गणपती आला. 2019 मध्ये योगेंद्र पुराणिक हे आपले मराठी गृहस्थ वॉर्डाच्या सभेवर निवडूनही आले. आज जपानात पन्नास हजारांवर भारतीय आहेत. या वस्तीचा इतिहास नेहमी असाच सांगितला जातो: अभियंता आला, घर मिळालं, दुकान निघालं. अभियंत्याबरोबर आलेली बाई त्यात डबा भरण्यापुरती येते.

ती कायद्यात कशी येते ते पाहा. तिच्या राहण्याच्या परवान्याचं नाव ‘काझोकु ताइझाइ’, म्हणजे कुटुंबीय म्हणून वास्तव्य. आपल्या बायका सरसकट ‘डिपेंडंट’ म्हणतात. ‘मी डिपेंडंटवर आहे’ हे वाक्य इतकं सहज म्हटलं जातं की त्यातलं ओझं कोणाला जाणवेनासं होतं. या परवान्यावर कमावता येत नाही. कमवायचं तर वेगळी परवानगी काढावी लागते आणि तीही आठवड्याला 28 तासांपुरती. त्या परवानगीचं जपानी नाव मराठीत आणलं तर ‘पात्रतेबाहेरच्या कामाची परवानगी’ असं होईल. बाईने नवऱ्याबरोबर राहणं ही तिची पात्रता, आणि स्वतः चार पैसे मिळवणं हे पात्रतेबाहेरचं! आपल्याकडे हे सासूबाई तोंडी सांगतात, तिथे छापील फॉर्म आहे.

लग्न मोडलं तर चौदा दिवसांच्या आत इमिग्रेशनला कळवायचं. त्यानंतर योग्य कारणाशिवाय तीन महिने ‘बायको म्हणून’ राहिली नाही, तर परवाना रद्द होऊ शकतो. मग घरात मारहाण होत असेल तर बाई काय हिशेब करत असेल? मूल शाळेत, वर्षाच्या मध्यावर. माहेरी कळवायची सोय नाही. पासपोर्ट नवऱ्याच्या कपाटात.

2020 मध्ये करोनाच्या काळात जपान सरकारने नोंदणीकृत रहिवासी असलेल्या प्रत्येक माणसाला, परदेशी माणसांनाही, एक लाख येन दिले. उत्तम योजना. पण अर्ज कुटुंबप्रमुखाने करायचा आणि सगळ्यांचे पैसे त्याच्याच खात्यात जमा व्हायचे. मारहाणीमुळे घर सोडलेल्या बायकांसाठी वेगळी सोय केली होती. मार खात घरातच राहिलेल्या बाईला तिचे स्वतःचे लाख येन नवऱ्याकडेच मागावे लागले. तिथल्या स्त्री-संघटनांनी तेव्हा याविरुद्ध आवाज उठवला. निशीकासाईच्या आमच्या मंडळींत मात्र ‘आमच्यांनी नवीन टीव्ही घेतला’ एवढीच चर्चा ऐकू आली.

इथे मैत्रीचा विषय येतो. नव्याने आलेल्या मुलीला पहिल्या आठवड्यात जे हवं असतं ते सगळं शेजारच्या बायकाच देतात. जळणारा कचरा कोणत्या वारी टाकायचा, प्लास्टिक कधी. दह्याला विरजण कोणाकडे मिळेल. पाकिटावरची कोणती चित्राक्षरं दिसली की त्यात मांस आहे असं समजायचं. मुलाचा ताप उतरत नसेल तर डॉक्टरला नेमकं काय सांगायचं. बाळंतपणात तर विचारूच नका. आई व्हिसावर येते ती जास्तीत जास्त तीन महिन्यांसाठी, आणि ती गेल्यावर ओल्या बाळंतिणीला डिंकाचा लाडू वरच्या मजल्यावरूनच येतो. या कामाला कोणी समाजकार्य म्हणत नाही. वॉर्ड ऑफिसने हे सगळं पगारी माणसं ठेवून करायचं ठरवलं तर किती टेबलं मांडावी लागतील!

तरीही या सोबतीला मी निःशंकपणे मैत्री म्हणणार नाही. ही वस्ती नवऱ्यांच्या कंपन्यांवर उभी आहे. ज्या बाईजवळ मन मोकळं करायचं तिचा नवरा आपल्या नवऱ्याचा साहेब, नाहीतर त्याच टीममधला. सकाळी बागेत बोललेलं संध्याकाळी ओतेमाचीला पोचतं. एकमेकींना आपण हाक मारतो तीही ‘वहिनी’ अशी, म्हणजे आधी त्याची ओळख, मग माझी. आडनाव विचारून जात ओळखण्याची खोड विमानात बसताना खाली ठेवून येत नाही. कोणाकडे जेवायला बोलवायचं आणि कोणाला नुसतं हळदीकुंकवाला, याची गणितं सात समुद्रापलीकडेही चालू असतात. आणि घटस्फोट घेणारी बाई? तिला भिशीतून कोणी काढत नाही. पुढच्या भिशीचा निरोपच तिच्यापर्यंत पोचत नाही, एवढंच.

मग जपानी मैत्रिणी? आपल्या बायकांचं ठरलेलं मत असतं की ही माणसं फार सभ्य, पण जवळ येत नाहीत. पाच वर्षं शेजारी राहिलो तरी दारातूनच बोलतात. यात थोडं तथ्य आहे. तोक्योत उठून कोणी कोणाच्या घरी जात नाही, जपानी माणसं एकमेकांच्याही जात नाहीत. पण आपली इच्छा तरी किती असते? दहा वर्षं राहून ‘सुमिमासेन’ आणि ‘आरिगातो’वर भागवणाऱ्या बायका कमी नाहीत, कारण भाषा शिकायला वेळ काढायचा म्हटलं की घरात विचारलं जातं, ‘कशाला? परतच जायचंय ना?’ वॉर्डांच्या सभागृहांत स्वयंसेवकांनी चालवलेले भाषावर्ग असतात. शिकवायला बहुतेक बायकाच, बऱ्याचशा साठीच्या पुढच्या, मुलं मोठी करून मोकळ्या झालेल्या. तोक्योतली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उघडी दारं म्हणजे हे वर्ग.

तिथे किंवा मुलांच्या शाळेत ओळखी वाढल्या की एकेक गंमत उलगडते. मुलांमुळे झालेल्या मैत्रिणींना जपानीत ‘मामातोमो’ म्हणतात, म्हणजे आई-मैत्रीण. तिथेही तुमचं नाव नसतं, तुम्ही अमक्या-चानची मामा. आपल्या ‘पिंटूच्या आई’ची जुळी बहीणच! दुसऱ्याच्या बायकोला ‘ओकुसान’, म्हणजे घराच्या आतल्या भागातली. स्वतःच्या नवऱ्याला अनेक बायका आजही ‘शुजिन’ म्हणतात, त्याचा सरळ अर्थ मालक. आपल्या खेड्यांत अजून ‘मालक घरी न्हाईत’ म्हणतात, ते एका जपानी बाईंना सांगितलं तर त्या हसून लोटपोट झाल्या आणि मग बराच वेळ गप्प बसल्या. पहिल्या बाळंतपणाला माहेरी जायची रीतही त्यांच्याकडे आहे. तिला ‘सातोगाएरी’ म्हणतात.

खरी जवळीक मात्र होते ती तासांच्या हिशेबाने. सुपरमार्केटच्या मागे डबे भरण्याच्या कामावर आमची एक मैत्रीण होती, घरी एम.एस्सी.ची पदवी. तिच्या शेजारी उभी असायची पन्नाशीची जपानी बाई. महिनाअखेर दोघी तास मोजायच्या. आमची मोजायची कारण 28 च्या वर गेली तर परवाना धोक्यात. ती मोजायची कारण वर्षाची कमाई 13 लाख येनांवर गेली, तर नवऱ्याच्या आश्रित म्हणून मिळणारा आरोग्यविमा आणि पेन्शनची सवलत जाते. 1986 पासून नोकरदाराच्या आश्रित बायकोला पेन्शनचा हप्ता भरावा लागत नाही. वरवर बाईच्या सोयीचा हा कायदा लाखो बायकांना अर्धवेळ कामात अडकवून बसला आहे. जपानी बायका त्याला ‘भिंत’ म्हणतात. एकीला परक्या देशाने आश्रित केलं, दुसरीला तिच्याच देशाने. हे दोघींना एकाच दिवशी कळलं, आणि त्यानंतर त्यांची मैत्री वेगळ्या पायावर उभी राहिली.

अशा मैत्रीत फक्त आपणच घेणाऱ्या नसतो, हेही मला आवर्जून सांगायचं आहे. जपानात गर्भपातासाठी विवाहित बाईला कायद्याने नवऱ्याची संमती लागते. 1996 मध्ये कायद्याचं नाव बदललं, ही अट राहिली. आपल्याकडे 1971 च्या कायद्यात सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते. दवाखान्यात नवऱ्याची सही मागतात ती कायद्याबाहेरची दादागिरी, आणि आपल्या संघटना त्याविरुद्ध भांडत आल्या आहेत. हे ऐकून जपानी मैत्रिणींचे डोळे विस्फारतात. भारत म्हणजे बाईसाठी सगळाच अंधार, अशी त्यांची समजूत असते. तसंच आडनावाचं. जपानी जोडप्याला एकच आडनाव घ्यावं लागतं आणि शंभरात पंचाण्णव वेळा बदलते ती बायकोच. 2015 आणि 2021 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरवला, आणि 2024 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या स्त्रीविषयक समितीने तो बदला असं चौथ्यांदा सांगितलं. कचेरीत जुन्या आडनावाने काम करणारी आणि पासपोर्टवर दुसरं आडनाव असलेली मैत्रीण आपल्याला विचारते, ‘तुमच्याकडे सक्ती नाही, मग तुम्ही का बदलता?’ या प्रश्नाचं उत्तर देताना त्रेधा उडते ती आपली.

ही देवघेव जुनी आहे. 1888 च्या अखेरीस अमेरिकेहून परतताना पंडिता रमाबाई जपानात उतरल्या आणि त्यांनी तिथे व्याख्यानं दिली. धोंडो केशव कर्व्यांना महिला विद्यापीठाची दिशा सापडली ती तोक्योच्या महिला विद्यापीठाच्या माहितीपुस्तिकेत. रमाबाई गेल्या तेव्हा तोक्योत ‘क्योफूकाई’ ही ख्रिस्ती स्त्रियांची संघटना दोन वर्षांची होती. तिने शताब्दीच्या वर्षी, 1986 मध्ये, ‘हेल्प’ नावाचं निवारागृह उघडलं. ते मुख्यतः फिलिपिन्स, थायलंडहून आलेल्या, फसवल्या गेलेल्या आणि मारहाण झालेल्या बायकांसाठी होतं. म्हणजे परदेशी बाईच्या बाजूने जपानी बायका त्यांच्या सरकारच्या कितीतरी आधी उभ्या राहिल्या. घरगुती हिंसेविरुद्धचा कायदा आला 2001 मध्ये, आणि पीडितेचं राष्ट्रीयत्व न बघता तिचे मानवी हक्क जपावेत हे त्यात लिहिलं गेलं 2004 मध्ये.

कागदावर लिहिलेलं किती पोकळ असू शकतं ते विश्मा संदमाली या श्रीलंकन तरुणीच्या मृत्यूने दाखवलं. ती शिकायला आली होती. 2020 च्या ऑगस्टमध्ये सोबत्याच्या मारहाणीची तक्रार घेऊन ती पोलिसांकडे गेली, तर राहण्याची मुदत संपली म्हणून तिलाच ताब्यात घेतलं. 6 मार्च 2021 रोजी नागोयाच्या इमिग्रेशन कोठडीत पुरेशा उपचारांविना ती मेली. वय 33. तिच्यासाठी रस्त्यावर आल्या त्यांत मोठ्या संख्येने सामान्य जपानी माणसं होती. निशीकासाईत मात्र ‘तिचा व्हिसा संपला होता ना’ असं म्हणून विषय मिटवणारी आपली मंडळी मी ऐकली आहेत. आपण कायदेशीर, ती बेकायदा. पण डिपेंडंट बाई आणि विश्मा यांच्यात अंतर एका लग्नाचं आहे.

म्हणून इथल्या गटांना माझं सांगणं आहे. लग्न ठरलेल्या मुलीला परदेशी पाठवताना आपण लोणच्याच्या बरण्या बांधून देतो, त्याबरोबर एवढंही द्या: पासपोर्ट आणि तिथे मिळणारं निवासपत्र स्वतःजवळ ठेवायचं, स्वतःच्या नावाचं बँक खातं उघडायचं, पदवीची मूळ प्रमाणपत्रं बरोबर न्यायची. पदवी असेल आणि तिथली एखादी कंपनी पूर्णवेळ नोकरी देत असेल, तर बाईला स्वतःच्या नावाचा नोकरीचा परवाना मिळू शकतो, हे अनेकींना ठाऊकच नसतं. ती भाषा शिकली तरच हे जमेल, म्हणून भाषावर्गाची फी हा घरखर्चातला पहिला खर्च.

आणि तिथल्या मैत्रिणींना: गणपतीत, दिवाळीच्या मेळ्यात साड्यांचं टेबल असतं, खड्यांच्या दागिन्यांचं असतं. एक टेबल परवाना, चौदा दिवसांची मुदत, वॉर्डाचं हिंसा-सल्ला केंद्र यांची मराठी-हिंदीतली माहिती ठेवून मांडा. नवऱ्यांच्या कंपनीशी संबंध नसलेली बाई तिथे बसवा, आणि तिच्या शेजारी भाषावर्गातल्या एखाद्या आजींना. त्या येतील. आजवर आपण त्यांना फक्त मोदक खायला बोलावलं आहे.