तिसरे चाक कधी लावावे?

मोटारसायकल धावताना सहसा पडत नाही, ती थांबताना पडते. ज्यांनी तीस-चाळीस वर्षे बुलेट चालवली आहे, त्यांना हे वेगळे सांगावे लागत नाही. साठाच्या वेगात गाडी आपली आपण सावरलेली असते. पण फाटकापाशी थांबावे लागले, रस्त्याला थोडा उतार असला आणि डावा पाय टेकवताना खाली वाळू निघाली, की सगळा भार एका गुडघ्यावर येतो. तरुणपणी तो गुडघा मुकाट्याने भार घेतो. साठीनंतर कुरकुर करू लागतो.

जयपूरच्या वायव्येला असलेल्या झोटवाड्यातलेच एखादे घर डोळ्यांसमोर आणा. कारखान्यांची वसाहत, पलीकडे खातीपुरा, एका बाजूला कालवाड रोड. नोकरीच्या निमित्ताने महाराष्ट्रातून आलेले आणि निवृत्तीनंतर तिथेच घर बांधून राहिलेले एक जोडपे. दोघांनी मिळून बुलेटवरून पुष्कर केले, सांभरचे सरोवर पाहिले, खाटूश्यामजीला गेले, एका हिवाळ्यात तर थेट जैसलमेर गाठले. आता गृहस्थ सहासष्ट वर्षांचे आहेत. गेल्या महिन्यात पेट्रोल पंपावर गाडी हळूहळू कलली आणि आडवी झाली. कुणालाही लागले नाही, पण ती उचलायला पंपावरची दोन पोरे धावून आली. घरी आल्यावर ते शब्दही बोलले नाहीत.

मुलगा पुण्याहून फोनवर म्हणतो, ‘‘बाबा, विकून टाका आता.’’ शेजारी सुचवतात, साइड व्हील लावून घ्या. बाईंचे म्हणणे तिसरेच असते. ‘‘अहो, गाडी राहू द्या की जाऊ द्या. पण मला मागे बसवायचे असेल तर आधी मला विचारा.’’

हे घर कल्पनेतले आहे, पण अशी घरे पुष्कळ आहेत. आणि या तिघांपैकी सर्वांत शहाणे बोल बाईंचे आहेत. त्याचे कारण पुढे येईल.

दुचाकीला आणखी चाके जोडण्याची कल्पना आपल्याकडे मुळीच नवी नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने टाकून दिलेल्या हार्ले-डेव्हिडसन मोटारसायकलींना मागे बाके जोडून दिल्लीकरांनी ‘फटफटी’ बनवली आणि चांदणी चौकाच्या बाजूने माणसे वाहिली. प्रदूषणाच्या कारणावरून 1998 मध्ये त्या बंद झाल्या. सौराष्ट्रातला ‘छकडा’ म्हणजे पुढून बुलेट आणि मागून बैलगाडी. पण या सगळ्या पोटापाण्याच्या गाड्या. हौसेने लांबचा प्रवास करणाऱ्यांसाठी तीनचाकी ही परदेशातली सोय. हार्लेनेच 2009 सालच्या मॉडेलांत कारखान्यातून तयार तीनचाकी दिली. तिचे वजन साडेपाचशे किलोंच्या आसपास आणि मागे घेण्यासाठी तिला विजेवर चालणारा रिव्हर्स असतो. कॅनडाच्या कॅन-ॲम कंपनीने 2007 मध्ये पुढे दोन आणि मागे एक चाक असलेली ‘स्पायडर’ आणली. तिथे गुडघे दुखू लागलेले आजोबा असली गाडी घेतात आणि आजींना मागे बसवून हजार मैल जातात. आपल्याकडे या गाड्या सहजी मिळत नाहीत आणि मिळाल्या तरी त्या किमतीत चांगली मोटार येते. तेव्हा झोटवाड्यातल्या गृहस्थांपुढचा खरा पर्याय म्हणजे गिअर नसलेली स्कूटर आणि तिच्या मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना लावलेली दोन जादा चाके. लोक तिला तीनचाकी म्हणतात. मोजली तर चाके चार भरतात.

आता ही गाडी चालवायला कशी असते, ते नीट समजून घ्यायला हवे. कारण इथेच जुना, अनुभवी चालक फसतो, नवखा नाही.

दुचाकी वळते ती कलून. वेगात असताना डावीकडे वळायचे असेल, तर सरावलेला माणूस नकळत डाव्या मुठीला पुढे दाब देतो. पुढचे चाक क्षणभर उजवीकडे जाते, गाडी डावीकडे कलते आणि डावे वळण घेते. चाळीस वर्षे हात हेच करत आलेले असतात आणि आपण असे करतो, हे बहुतेकांना ठाऊकही नसते. तीनचाकी कलत नाही. तिच्या डाव्या मुठीला पुढे ढकलले, तर ती सरळ उजवीकडे, म्हणजे समोरून येणाऱ्या ट्रककडे जाते! म्हणून पहिले काही दिवस हातांना जुनी सवय विसरायला लावावी लागते. सायकलही न चालवलेल्या माणसाला ही अडचण येत नाही.

दुसरी गोष्ट शरीराची. दुचाकीवर वळणात माणूस गाडीबरोबर आत झुकतो, त्यामुळे बाहेर फेकले गेल्यासारखे वाटत नाही. तीनचाकीवर गाडी सपाट राहते आणि अंग बाहेरच्या बाजूला ओढले जाते. वेग जास्त असेल, तर आतल्या बाजूचे चाक उचलले जाते. पुढे एकच चाक असलेल्या गाडीत आणखी एक खोच आहे. वळणातच ब्रेक दाबला, की भार पुढे आणि बाहेर सरकतो आणि नेमके त्या कोपऱ्यात आधाराला चाकच नसते. अजमेरहून पुष्करला जाताना नाग पहाडाचा घाट लागतो. बुलेटवरून तो घाट म्हणजे आनंद. साइड व्हीलच्या स्कूटरवरून तोच घाट उतरायचा, तर वळणाच्या आधीच वेग अगदी कमी करावा लागेल आणि वळणात ब्रेकला हात लावायचा नाही.

थोडक्यात, थांबल्यावर पडण्याची भीती जाते आणि वळणात उलटण्याची येते. हा सौदा वाईट नाही, मात्र तो सौदा आहे हे माहीत असावे. ‘तीन चाके आहेत, आता काय पडायचे’ असे म्हणत निघणारा माणूस जास्त धोक्यात असतो.

जमेच्या बाजूला पुष्कळ काही आहे. राजस्थानात रस्त्याच्या कडेला वाऱ्याने वाळू येऊन पसरते. दुचाकीचे चाक तिच्यावर घसरले, तर गाडी आडवी होते. जादा चाकांची गाडी घसरली तरी उभी राहते. भाजीबाजारात दर दहा पावलांवर थांबायचे असेल, समोर उंट किंवा गाय आडवी उभी असेल, तर पाय टेकवण्याची गरज नाही. वजनाचा फरक तर फारच मोठा. आजची 350 सीसीची क्लासिक बुलेट 195 किलोंची, तर साधी 110 सीसीची स्कूटर साधारण 106 किलोंची. जादा चाकांचे लोखंड धरले, तरी ती बुलेटपेक्षा हलकीच राहते. आणि किक मारण्याचा प्रश्नच उरत नाही.

पण रस्त्यातला खड्डा चुकवणे जमत नाही. दुचाकी एका रेषेत जाते, ही तीन रेषांत जाते. कुठले तरी एक चाक खड्ड्यात जायचेच. शिवाय खोलगट जागी बाजूची चाके काठांवर टेकतात आणि मधले, इंजिनाला जोडलेले चाक अधांतरी राहून नुसते फिरते. म्हणून जादा चाकांना स्प्रिंग आहे का, की ती नुसती जोडून टाकली आहेत, हे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. त्या चाकांना ब्रेक आहे का, तेही विचारावे. आणि घरी जाऊन फाटकातला उतार मोजावा. बुलेट आत घेण्यासाठी हातभर रुंदीचा उतार पुरत होता. ही गाडी त्यावर चढणार नाही. गवंड्याला बोलवायचे, तर तो खर्च आधीच हिशेबात धरलेला बरा.

आता बाईंचे म्हणणे. आपल्याकडे मागे बसणारी स्त्री अनेकदा साडीत, दोन्ही पाय डाव्या बाजूला सोडून बसते. मोटारसायकलच्या मागच्या चाकाला आच्छादन असावे, मागच्या माणसाला हाताने धरायला आणि पाय ठेवायला जागा असावी, असा नियम आहे, तो यासाठीच. साइड व्हील लावले, की पाय जिथे येतात त्याच बाजूला चाकाचे मडगार्ड येते. एका बाजूला बसणे अवघड होते, दोन्हीकडे पाय टाकून बसावे लागते. ज्या बाईंना त्याची सवय नाही किंवा ज्यांचा खुबा दुखतो, त्यांच्यासाठी नवऱ्याच्या सोयीची गाडी ही स्वतःच्या गैरसोयीची गाडी ठरते. उलट, मागचा माणूस चढताना बुलेट ज्या तऱ्हेने एकदम डावीकडे झुकते आणि चालकाचा जीव वर-खाली होतो, ते इथे घडत नाही. आधी त्यांनी सावकाश बसावे, मग यांनी बसावे, असेही चालते. म्हणून निवड दोघांनी मिळून करायची असते. लांबच्या प्रवासाची हौस जर दोघांची होती, तर ती संपवण्याचा किंवा बदलण्याचा निर्णय एकट्याचा कसा असेल?

काहींना ‘शोले’तली साइडकार आठवेल. तो चित्रपट 1975 चा. साइडकारही तीनचाकीच आणि तिच्यात बाई ऐसपैस बसतात, हे खरे. पण डावीकडे साइडकार असलेली गाडी वेग वाढवताना डावीकडे ओढते, ब्रेक लावताना उजवीकडे, आणि साइडकार रिकामी असेल तर डाव्या वळणात तिचे चाक उचलले जाते. साठीनंतर नव्याने शिकायची ती गाडी नव्हे.

कायद्याची बाजू बहुतेक लोक शेवटी पाहतात. ती पहिली पाहायला हवी. मोटार वाहन कायदा 1988 चे कलम 52 सांगते, की कारखान्याने ठरवलेल्या मूळ स्वरूपात मनाने बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हीच गोष्ट पुन्हा स्पष्ट केली. शारीरिक अपंगत्व असलेल्या व्यक्तीसाठी गाडीत बदल करण्याची तरतूद कायद्यात आहे. पूर्वी अशा गाडीला ‘इन्व्हॅलिड कॅरेज’ म्हणत. 2019 च्या दुरुस्तीने ते नाव जाऊन ‘अडॅप्टेड व्हेइकल’ आले. पण केवळ वय झाले, गुडघा दुखतो, म्हणून गॅरेजवाल्याने दोन चाके जोडून दिली आणि आरसी बुकात त्याची नोंद झाली नाही, तर अपघाताच्या दिवशी विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारेल. तेव्हा आधी डॉक्टर, मग आरटीओ, मग विमा कंपनी आणि सर्वांत शेवटी गॅरेज. परवान्यावर कोणत्या वर्गाच्या गाडीची नोंद लागेल, तेही तिथेच विचारून घ्यावे. पंचावन्न वर्षांनंतर परवाना एका वेळी पाचच वर्षांसाठी मिळतो, त्यामुळे कार्यालयाची पायरी तशीही चढावीच लागते.

एक अडचण कागदावर येत नाही. ‘‘अपंगांची गाडी मी चालवू?’’ असे पुष्कळ पुरुष म्हणतात, निदान मनात तरी म्हणतात. जयपुरात राहणाऱ्याने हे म्हणावे, याचे नवल वाटते. याच शहरात सवाई मानसिंह रुग्णालयात 1968 च्या सुमारास कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी ‘जयपूर फूट’ तयार केला. रबराचा तो पाय लावून माणसे मांडी घालून बसतात, अनवाणी चालतात, शेतात राबतात. सुधा चंद्रन त्याच पायावर पुन्हा रंगमंचावर नाचल्या. डॉ. सेठींना 1981 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आधार घेऊन हिंडण्यात कमीपणा नसतो, हे या शहराने साऱ्या जगाला दाखवले आहे.

तरीही साइड व्हीलची स्कूटर ही बुलेटची जागा घेऊ शकत नाही, हेही तितकेच खरे. बँक, दवाखाना, बाजार, नातीची शाळा यांसाठी ती उत्तम. कालवाड रोडने जोबनेरपर्यंतही रमतगमत जाता येईल. पण महामार्गावर मागून ट्रक येत असताना तिच्यावरून जैसलमेरला निघणे हे धाडस नाही, अविचार आहे. लांबच्या हौसेसाठी वाटा वेगळ्या. गुडघा थोडाच कुरकुरत असेल आणि तोल शाबूत असेल, तर बुलेटऐवजी हलकी, कमी उंचीची, बटणावर सुरू होणारी मोटारसायकल घ्यावी. अशा माणसाला तिसऱ्या चाकाची गरजच नाही. पाय खरोखर साथ देत नसेल, तर पुष्करसाठी छोटी मोटार आणि गल्लीसाठी साइड व्हील. दोन्ही एकाच गाडीत शोधू नये. चक्कर येत असेल, नजर कमी झाली असेल, तर मात्र तिसरे काय आणि चौथे काय, चाके वाढवून उपयोग नाही. ती गोष्ट डॉक्टरांपाशी बोलायची.

आणि हे सारे गाडी पेट्रोल पंपावर उभ्या-उभ्या पडली, त्याच महिन्यात ठरवावे. पुढच्या वेळी पाय गाडीखाली येऊ शकतो. मग प्लॅस्टरमधला माणूस घाईने बुलेट मिळेल त्या किमतीला विकतो आणि वर्षभर हळहळतो. त्याऐवजी ओळखीच्या कुणाची साइड व्हील लावलेली स्कूटर एखाद्या रविवारी सकाळी मागून घ्यावी, मोकळ्या मैदानावर न्यावी आणि पहिला तासभर फक्त आठच्या आकड्यात हळूहळू फिरवावी. हात चुकीच्या बाजूला ढकलतात का, ते तेव्हाच कळते. दुसऱ्या तासाला बाईंना मागे बसवावे आणि त्यांना बोलू द्यावे.