काळे पुन्हा काळे करताना



पाऊस सरला, ऑक्टोबरचे ऊन तापू लागले की आमच्या घाटकोपरच्या गल्लीत एक गोष्ट डोळ्यांत भरते. उभ्या असलेल्या प्रत्येक जुन्या गाडीचा बंपर पांढुरका दिसतो. आरशाची टोपी, दाराचे हँडल, काचेखालची बीडिंग, वायपरखालची जाळी, जे जे म्हणून काळे होते ते राख फासल्यासारखे होते. गाडीचा रंग बरा असतो, इंजिन बरे असते, पण एवढ्या पांढुरकेपणामुळे गाडी दहा वर्षांनी म्हातारी वाटते. या महिन्याच्या घरकामात आपण हाच विषय घेऊ.

पूर्वी ही तक्रार नव्हती. आपल्या शेजारच्या कुर्ल्यात प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात जी पद्मिनी तयार होई, तिचे बंपर चकाकत्या धातूचे. त्यांना गंज चढे, पण ते पांढरे पडत नसत. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी गेली. आता उरल्या त्या प्लास्टिकच्या बंपरच्या गाड्या. त्यात कमी किमतीच्या मॉडेलला बंपर, हँडल आणि आरसे न रंगवता काळेच ठेवलेले.

हे प्लास्टिक बहुतेक पॉलिप्रॉपिलीनचे असते आणि त्यात काळेपणासाठी काजळीसारखी भुकटी मिसळलेली असते. उन्हातले अतिनील किरण वरच्या थराचे रेणू तोडतात. पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडतात. त्या भेगांवर प्रकाश विखुरतो आणि आपल्याला पांढुरका रंग दिसतो. म्हणजे काळा रंग उडालेला नसतो, वरची कातडी फाटलेली असते. एवढे समजले की कोणता उपाय टिकेल आणि कोणता नाही, हे आपोआप कळते.

आम्ही सुरुवातीला सगळे सोपे उपाय केले. खोबरेल तेल लावले. सकाळी बंपर चकाकला आणि संध्याकाळी त्यावर एलबीएस रोडची सगळी धूळ बसली. बुटाचे पॉलिश लावले. ते पहिल्या सरीत वाहून दारावर ओघळले, अम्मीच्या दुपट्ट्यालाही लागले. कोणी डिझेल सांगतात. ते तर मुळीच लावू नका, खिडकीचे रबर त्याने फुगते आणि सैल पडते. टायर पॉलिशने दोन-चार आठवडे बरे दिसते, मग पुन्हा तेच. गॅरेजवाले हीट गन फिरवतात. त्याने काळेपणा येतो खरा, पण हीट गनची हवा काहीशे अंश तापते आणि हे प्लास्टिक साधारण १६० अंशांना वितळते. हात एक क्षण थांबला की बंपर वाकडा. शिवाय तो काळेपणाही फार काळ राहत नाही.

टिकणारे काम असे करावे.

रविवारी सकाळी ऊन चढण्याआधी, गाडी सावलीत असताना सुरुवात करा. पाइप लावून सोसायटीचे पाणी वाया घालवू नका, दोन बादल्या पुरतात. आधी गाडी धुवा. मग काळा भाग साबणाच्या पाण्याने आणि मऊ ब्रशने दाणेदार खाचांपर्यंत घासा. पूर्वीचे पॉलिश निघेपर्यंत थांबू नका. फडके काळे किंवा तेलकट येत असेल तर अजून पॉलिश उरले आहे. मेणाचे पांढरे डाग राहिले तर शाळेतल्या मुलाचे खोडरबर घ्या, त्याने निघतात. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. थिनर वापरू नका, शेजारचा रंग जाईल. शंभरातले सत्तर काम या धुण्यातच आहे. लोक इथेच घाई करतात आणि मग बाटलीला दोष देतात.

आता कडेच्या रंगाला मास्किंग टेप लावा आणि प्लास्टिकसाठीचे सिरॅमिक कोटिंग घ्या. स्पंजवर थोडेच घ्यायचे, आधी आडवे आणि मग उभे लावायचे. बाटलीवर लिहिलेली मिनिटे झाली की जास्तीचे मायक्रोफायबर फडक्याने पुसून घ्यायचे. पुसले नाही तर डाग वाळून बसतात. चोवीस तास पाणी लागू देऊ नका. म्हणून हे काम पावसाळ्यात काढू नये. नीट लावलेले कोटिंग एखादे वर्ष तरी साथ देते.

प्लास्टिक फारच खराब झाले असेल तर रंग हाच उपाय. पण त्याखाली प्लास्टिकचा प्रायमर हवाच, नाहीतर उन्हाळ्यात रंगाच्या सालपटी निघतात. रंग अर्धचकाकीचा काळा घ्या. झगझगीत काळा बंपर लांबूनच नकली दिसतो.

एक सावधगिरी घरातल्या सर्वांना सांगा. काही जण रंगवाल्याकडचे उकळलेले जवसाचे तेल लावतात. त्याने काळेपणा चांगला येतो, पण त्या तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकली तर ती वाळताना आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात. ती बाहेर पसरून वाळवा किंवा पाण्यात भिजवून टाका. छोट्या घरात, गॅसच्या आसपास, ही चूक महागात पडेल.

इथवर काम झाले. आता ज्यासाठी हा विषय घेतला, ते सांगतो.

आमची वॅगन आर २००३ सालची. ती आम्ही २००५ च्या अखेरीस एका दलालाकडून घेतली. बंपर काळाभोर, डॅशबोर्ड चकचकीत, आत सुगंध. आम्ही भुललो. त्याच वर्षी २६ जुलैला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता आणि उपनगरातल्या किती गाड्या पाण्याखाली गेल्या होत्या, हे आम्हाला ठाऊक होते. तरी कार्पेट उचलून पाहायचे सुचले नाही. पुढच्या पावसात कुबट वास सुटला, खिडक्यांच्या मोटारी बंद पडल्या. मेकॅनिकने सीट काढली तर खाली वाळलेला गाळ. अब्बांनी वर्षभर त्या गाडीवर पगार ओतला.

तरी गाडी टिकली. दोनदा पुनर्नोंदणी झाली. अम्मीला राजावाडी रुग्णालयात न्यायला तीच धावली. यंदा ती विकायची ठरली, म्हणून आम्ही तीन रविवार खपून वर लिहिल्याप्रमाणे सगळे काळे भाग काळे केले. दाराची पट्टी धुवायला काढली तेव्हा तिच्याखाली तळहाताएवढा गंज दिसला. पट्टी परत बसवली की तो कोणालाही दिसला नसता.

मुलुंडहून एक तरुण आला. विजेची कामे करणारा, सोबत त्याची आई. बंपरवरून हात फिरवून म्हणाला, "काका, गाडी तर एकदम नवी ठेवली आहे." आम्ही गप्प राहिलो, कारण किंमत चांगली येत होती. अब्बा पुढे झाले. त्यांनी दाराची पट्टी स्वतः सोडवून गंज दाखवला. कार्पेट उचलून म्हणाले, "बेटा, ही गाडी २००५ च्या पाण्यातून गेलेली आहे. वायरिंग आम्ही बदलले, पण तुझ्या मेकॅनिकला दाखव आणि मग बोल."

वरचे धान्य कोरडे आणि खालचे ओले, हा प्रसंग आपल्या घरांत लहानपणापासून सांगितला जातो. ऐकायला तो सोपा आहे. समोर गिऱ्हाईक आणि हातात चांगली किंमत असताना अवघड जातो, हे त्या दिवशी कळले.

बंपर काळा करणे म्हणजे फसवणूक नव्हे. घर विकण्याआधी चुना लावतात, तसेच ते. पण जे झाकायला पॉलिश लावले जाते, ते सांगायलाच हवे. आणि घेणाऱ्यांनीही ध्यानात ठेवा, जिथे काळे जास्त चमकते तिथे खाली वाकून पाहा. कार्पेट उचला, सीटबेल्ट पूर्ण ओढून त्यावर गाळाचे डाग आहेत का बघा, दाराच्या पट्टीवर नख फिरवा.

तो तरुण त्या दिवशी गेला. आठ दिवसांनी मेकॅनिकला घेऊन परत आला आणि किंमत कमी करून गाडी घेऊन गेला. आमचा दोन महिन्यांचा किराणा निघाला असता, तेवढे पैसे कमी मिळाले. जाताना त्याने विचारले, "बंपरला काय लावलंत?" अब्बांनी उरलेली बाटली त्याच्या हातात ठेवली आणि सांगितले, "आधी नीट धू. मगच लाव."